तिसऱ्या राजपुत्राचा डावा कान

ऐकू येत नाही अशी तक्रार घेऊन माझ्याकडे स्वतःहून फार थोडे लोक आले. बहुतेकांना कुणीतरी घेऊन यायचं. खुर्चीत बसलेला माणूस म्हणायचा, "मला सगळं ऐकू येतं, हीच तोंडातल्या तोंडात बोलते." आणि मागे उभी असलेली त्याची बायको माझ्याकडे बघून नुसती मान हलवायची. इतक्या वर्षांत मी हा प्रवेश मराठीत, तमिळमध्ये, मलेमध्ये आणि चिनी भाषेच्या निरनिराळ्या बोलींमध्ये पाहिला. भाषा कळली नाही तरी काही अडायचं नाही.

मी ऑडिओलॉजिस्ट, म्हणजे कानाची तपासणी करून श्रवणयंत्र बसवून देणारी. डॉक्टर नव्हे, हे मला रोज कुणाला ना कुणाला सांगावं लागायचं. नवऱ्याच्या आयटीतल्या नोकरीमुळे आम्ही पुण्याहून सिंगापूरला आलो आणि मुलगी शाळेत रुळल्यावर मला आंग मो किओमधल्या एका छोट्या क्लिनिकमध्ये काम मिळालं. खाली खाण्याच्या गाळ्यांचं हॉकर सेंटर, वर आम्ही. काम समजायला सोपं आहे. माणसाला आवाजबंद खोलीत बसवायचं, हेडफोन लावायचे, एकेक बारीक सूर ऐकवायचा. ऐकू आला की त्याने बटण दाबायचं. त्यावरून कागदावर दोन रेघा काढायच्या. उजव्या कानाची लाल, डाव्याची निळी. हे रंग जगभर ठरलेले आहेत. वय झालं की दोन्ही रेघा हातात हात घालून उताराला लागतात. त्याची भीती नसते. पण एक रेघ दुसरीला सोडून एकटीच खाली जाऊ लागली की मी तपासणी पुन्हा पहिल्यापासून करायचे. का, ते पुढे सांगते.

आमच्याकडे येणारे बरेचसे म्हातारे लोक होक्कियन बोलायचे. मला चिनी भाषेचा गंध नाही. त्यामुळे रिसेप्शनवरची मे हीच माझी जीभ. मे चाळिशीची, चर्चला जाणारी, तोंडावर कधी काही न दाखवणारी. समोरचा माणूस रडला तरी ती त्याच आवाजात भाषांतर करायची.

दोन हजार चौदा-पंधराच्या सुमाराची गोष्ट. चिनी पंचांगाचा सातवा महिना चालू होता. या महिन्यात पाताळाची दारं उघडतात आणि मेलेले लोक महिनाभर फिरायला बाहेर येतात अशी समजूत आहे. आपल्या पितृपक्षासारखंच, पण इथे ज्यांचं कुणी नाही अशा भुतांचीही सोय बघतात. प्रत्येक बिल्डिंगखाली संत्री, भात, उदबत्त्या मांडलेल्या दिसतात. पत्र्याच्या पिंपात कागदी नोटा जाळतात, कागदाचे शर्ट, कागदाचे फोन, कागदाचे बंगले. जाळलं की पलीकडे पोचतं.

अशा एका सकाळी को आंटी आल्या. त्यांचे यजमान माझे जुने पेशंट, काही महिन्यांपूर्वी वारले होते. आंटी सत्तरीच्या, ठेंगण्या, हातात हिरवी जेडची बांगडी. मला त्या 'मिस्सी' म्हणायच्या. इथले जुने लोक नर्सला तसं म्हणतात.

"मिस्सी, माझ्या नवऱ्याचं मशीन कुठल्या रंगाचं होतं?" मेने विचारलं, म्हणजे आंटींनी.

"करड्या. का?"

"कागदाच्या दुकानात करायला टाकलंय. ते विचारतात, कसं दिसतं, कुठल्या कानाचं."

त्यांना स्वप्न पडलं होतं. यजमान कुठल्यातरी रांगेत उभे आहेत, नाव पुकारलं जातंय आणि ते ऐकू न आल्यामुळे तसेच उभे आहेत. मी कागदावर चित्र काढून दिलं. दोन्ही कानांची दोन यंत्रं, उजव्यावर लाल ठिपका, डाव्यावर निळा. आंटींनी ते नीट घडी करून पर्समध्ये ठेवलं आणि म्हणाल्या, "बॅटऱ्या खऱ्याच टाकीन. वर्षभराच्या."

बॅटरी आगीत टाकली तर फुटते. मला एकदम ती पत्र्याची पिंपं आणि भोवतीची माणसं दिसायला लागली. मी घाईने सांगितलं, बॅटरीही कागदाचीच करा.

"कागदाची चालेल?"

"कागदाचं मशीन चालणार असेल तर चालेल."

मेने हे भाषांतर करून सांगितलं. आंटींनी विचार केला आणि पटल्यासारखी मान डोलावली. त्या दिवसापासून त्यांचा माझ्यावर विश्वास बसला. पुढचं सगळं त्या विश्वासातून घडलं.

चिनी नववर्ष झाल्यावर आंटी धाकट्या भावाला घेऊन आल्या. सेंग अंकल. पासष्टीचे, काटक, जन्मभर टॅक्सी चालवलेले. दोन्ही गालांवर बारीक जुने व्रण. ते दारातून आत येताना त्यांचा हात भिंतीला लागलेला होता, हे मी आधी पाहिलं.

"ह्याला ऐकू येत नाही," आंटी म्हणाल्या.

"मला येतं," अंकल म्हणाले.

इथवर नेहमीचंच. मग आंटी खुर्ची पुढे ओढून हळू आवाजात बोलायला लागल्या आणि मे पहिल्यांदाच भाषांतर करताना अडखळली.

"ह्या म्हणतात, देवाला ऐकू येत नाही."

सेंग अंकल 'तांगकी' होते. म्हणजे त्यांच्या अंगात यायचं; गालांवरचे व्रण तरुणपणी उत्सवात आरपार घातलेल्या सळ्यांचे. बुकित पंजांगमधल्या त्यांच्या फ्लॅटमध्ये पुढच्या खोलीत देव्हारा होता आणि तिथे आठवड्यातून एकदा लोक प्रश्न विचारायला यायचे. त्यांच्या अंगात येणारा देव लहान मुलगा. त्याला तिसरा राजपुत्र म्हणतात. हा बालदेव पायाखाली अग्नीची चाकं घेऊन फिरतो, म्हणून टॅक्सीवाल्यांचा लाडका. त्याला नैवेद्याला दूध, गोळ्या, खेळणी. तो यायचा तेव्हा पासष्टीचे अंकल पोराच्या आवाजात बोलायचे आणि ते बोबडं बोलणं को आंटी भक्तांना समजावून सांगायच्या.

"अलीकडे गोंधळ होतोय," आंटी म्हणाल्या. "एकीने मुलाच्या परीक्षेचं विचारलं, तर देवाने गुडघ्याला लेप लावायला सांगितला. मी जुळवून घेते. पण किती जुळवणार?"

"अंगात आल्यावर कान माझे नसतात," अंकल शांतपणे म्हणाले. "त्याचे असतात."

मला हसू यायला हवं होतं, पण आलं नाही. माझं लक्ष त्या भिंतीला लागलेल्या हाताकडे होतं. मी देवभोळी नाही, पण घाबरट आहे. लोकांना या दोन गोष्टी एकच वाटतात.

तपासणी केली. लाल रेघ वयाला शोभेशी. निळी तिला सोडून खाली. मग शब्द ऐकवले. डाव्या कानाला मोठ्या आवाजात दिले तरी अंकलना आवाज कळत होता, शब्द कळत नव्हते. मी हेडफोन तपासले, वायर तपासली, खुर्ची फिरवून पुन्हा पहिल्यापासून केलं. तीच रेघ.

"डाव्या कानात कसला आवाज येतो?"

"ढोल."

"सारखा?"

"पूर्वी फक्त देव यायच्या आधी यायचा. आता रोज येतो."

को आंटींनी भावाकडे पाहिलं. हे त्यांनाही नवीन होतं.

आता त्या एकट्या रेघेबद्दल. ऐकण्याची आणि तोल सांभाळण्याची नस एकत्रच मेंदूत जाते. क्वचित त्या नसेवर गाठ वाढते. बहुतेक वेळा कॅन्सरची नसते, हळू वाढते, पण वाढतच राहिली तर मेंदूला दाबते. एकाच कानाला कमी ऐकू येणं, त्याच कानात आवाज, शब्द न कळणं, तोल जाणं, ही तिची लक्षणं. पण ही लक्षणं दुसऱ्या साध्या कारणांनीही होतात. अशी शंका घेऊन मी पाठवलेल्या लोकांपैकी बहुतेकांना काही निघालं नव्हतं. म्हणजे सांगायचं तर घाबरवायचं नाही, आणि न घाबरवता असं सांगायचं की माणूस एमआरआयला गेलाच पाहिजे. ही कसरत मला शेवटपर्यंत जमली नाही.

मी सांगितलं. अंकलनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "राजपुत्राचा उत्सव झाल्यावर बघू. तोवर देवाला विचारतो."

"कुणाला विचारणार?" आंटी म्हणाल्या. "तूच विचारणार आणि तूच सांगणार?"

शेवटी कौल लावायचं ठरलं. कोकणातल्या माणसाला हा शब्द वेगळा सांगायला नको. इथे चंद्रकोरीच्या आकाराचे दोन लाकडी तुकडे असतात, एक बाजू सपाट, एक फुगीर. ते जमिनीवर टाकायचे. एक सपाट एक फुगीर पडला तर देव हो म्हणतो. दोन्ही फुगीर पडले तर नाही. दोन्ही सपाट पडले तर देव हसतोय, म्हणजे उत्तर नाही, पुन्हा टाकायचे. दोन दिवसांनी आंटींचा फोन आला. मेने रिसीव्हरवर हात ठेवून मला सांगितलं, "हसतोय म्हणे. सारखा हसतोय."

घरी नवरा म्हणाला, "तू लिहून दिलंस ना डॉक्टरकडे जा म्हणून? तुझं काम संपलं. कशाला गुंततेस?" तो चूक नव्हता. पण मी रात्री कूस बदलली की मला तो भिंतीवरचा हात दिसायचा. उत्सवाच्या आधीच्या आठवड्यात आंटी क्लिनिकवर आल्या आणि नवीन काळजी देऊन गेल्या. राजपुत्राच्या वाढदिवसाला पालखी निघते. पालखी म्हणजे खुर्ची, बसायच्या जागी सुऱ्यांची धारदार पाती लावलेली. तांगकी तिच्या दोन हातांवर पाय ठेवून उभा राहतो आणि चार माणसं ती खांद्यावर घेऊन नाचवतात. अंकल दरवर्षी उभे राहायचे.

"त्याचा तोल जातो, मला माहीत आहे," आंटी म्हणाल्या. "न्हाणीत पडला होता. मिस्सी, तू ये. तू असलीस तर बरं."

मी असून काय करणार होते, ते मला ठाऊक नव्हतं. मेला विचारलं, येशील का. तिने अपॉइंटमेंटची वही मिटली. मग म्हणाली, "मी फक्त भाषांतर करीन. उदबत्ती धरणार नाही."

रविवारी दुपारी आम्ही बुकित पंजांगला गेलो. बिल्डिंगच्या मागच्या मैदानात तंबू घातला होता. धूप एवढा की डोळे चुरचुरत होते. ढोल आणि झांजा सुरू झाल्या आणि स्टुलावर बसलेले सेंग अंकल डुलायला लागले. आधी मान, मग खांदे, मग सगळं अंग. दोघांनी बाळाला लाळेरं बांधावं तसं त्यांच्या पोटावर भरजरी कापड बांधलं, तोंडात चोखणी दिली. अंकल उठले तेव्हा पाय लहान मुलासारखे टाकत होते. मी मराठी माणूस, अंगात येणं पाहिलेलं आहे. मी त्यांच्या पायांकडे बघत होते. ते डावीकडे ओढले जात होते.

ते खुर्चीवर चढले. पालखी उचलली गेली. ती पुढे झुलली, मागे झुलली, आणि अंकल तिच्यावर हसत उभे होते, एक हात आकाशात. मग भोयांनी ती डावीकडे वळवली. मला ते घडायच्या आधीच दिसलं. अंकल वळणाबरोबर वळले नाहीत, सरळ बाजूला कलले. को आंटींनी माझं मनगट पकडलं. ते पडले ते भोयांच्या अंगावर, पात्यांच्या बाहेर. चार-सहा हात वर आले आणि ते जमिनीला टेकलेच नाहीत. भक्तांना वाटलं देवाने खोडी काढली. लोक हसले, टाळ्या वाजल्या. आंटी मात्र माझं मनगट सोडेनात.

नंतर देव टेबलापाशी बसला आणि लोक एकेक करून विचारायला लागले. आंटी शेजारी उभ्या. त्यांनी मला हाताने पुढे बोलावलं.

"तू विचार," मेने सांगितलं. "ह्या म्हणतात, तू विचार. तुला तो खरं सांगेल."

लोक डावीकडून येत होते, कारण टेबल तसं मांडलेलं होतं. मी वळसा घालून उजवीकडे गेले आणि वाकले. मे माझ्या मागे. मी म्हटलं, "सेंग अंकलना एक तपासणी करायची आहे. ते जात नाहीत. त्यांनी जावं का?"

मेने तेच होक्कियनमध्ये सांगितलं. देवाने चोखणी काढली आणि माझ्याकडे पाहिलं. मग बारीक, तक्रारीच्या सुरात काहीतरी बोलला. आंटींनी ते मोठ्या माणसांच्या होक्कियनमध्ये मेला सांगितलं, आणि मेने मला.

"तो म्हणतो, तो घाबरतो."

"कोण?"

"सेंग. देव म्हणतो, सेंग घाबरतो. डॉक्टर कानातला ढोल काढून टाकतील असं त्याला वाटतं." मे थांबली. आंटींचं तोंड उतरलं होतं. "देव विचारतो, ढोल काढला तर मी कसा येणार?"

टेबलाभोवती माणसं जमली होती. सगळे माझ्याकडे बघत होते आणि ते लहान मूल, पासष्टीचं, गालांवर व्रण असलेलं, उत्तराची वाट बघत होतं. मला खोटं सांगता आलं असतं. ढोल राहील, काही होणार नाही, तू पाहिजे तेव्हा ये. पेशंटला मी कधी तसं सांगितलं नव्हतं.

"मला माहीत नाही," मी म्हटलं.

मेने सांगितलं. देवाने बराच वेळ चोखणी चघळली. मग एक गोळी उचलून माझ्या हातात ठेवली आणि दोन शब्द बोलला.

"बरोबर जा," मे म्हणाली. "तुला सांगतोय, सेंगबरोबर."

देव अंगातून गेल्यावर तांगकीला काही आठवत नाही. अंकलना देवाची आज्ञा बहिणीकडून कळली. ते माझ्याकडे बघून एवढंच म्हणाले, "तो म्हणाला असेल तर जाऊ."

तपासणीच्या दिवशी मी रजा टाकली. मेनेही टाकली, मी न सांगता. एमआरआयचं यंत्र चालू झालं आणि काचेपलीकडून ते ठोके ऐकू आले तेव्हा माझ्या डोक्यात जे आधीच यायला हवं होतं ते आलं. धड, धड, धड, एका लयीत. यंत्र ढोल वाजवत होतं. जन्मभर ज्या माणसाच्या अंगात ढोलावर देव आला, त्याला मी स्वतः त्या नळीत झोपवलं होतं. मी खिडकीशी बसलेल्या तंत्रज्ञाला सांगायला तोंड उघडलं, पण काय सांगणार? तो हमीद नावाचा मध्यमवयीन मले माणूस होता. तेवढ्यात पडद्यावरचं चित्र फाटल्यासारखं झालं. त्याने यंत्र थांबवलं.

"मान हलवतायत," तो म्हणाला. "खांदेही. फिट येते का त्यांना?"

"फिट नाही," मी म्हटलं. "ते मीडियम आहेत. ढोल ऐकला की..."

हमीदने माझ्याकडे पाहिलं, मग को आंटींकडे पाहिलं. हसला नाही. "कुणाचं ऐकतात ते अशा वेळी?"

त्याने आंटींना माइक दिला. आंटी त्यात ओरडायला लागल्या. मी त्यांच्या दंडाला हात लावला. अंकलच्या उजव्या कानाची लाल रेघ मला पाठ होती. बारीक किंकाळी त्यांना ऐकू येणार नव्हती, जाड आवाज येणार होता. "खालच्या आवाजात," मी म्हटलं, "सावकाश." आंटींनी श्वास घेतला आणि मग रागावलेली आत्या पोराशी बोलते तशा बोलायला लागल्या. मे माझ्या कानाशी सांगत होती.

"राजपुत्रा, आत यायचं नाही. इथे मुलांना आत घेत नाहीत. बाहेर जाऊन बस. मिस्सी बाहेर बसेल तुझ्याबरोबर. तिच्याकडे गोळ्या आहेत."

पडद्यावर अंकलचे खांदे थांबले.

हमीदने आंटींची चौकशी केली, अंगात काही धातू आहे का, बांगडी कसली. जेडला हरकत नव्हती. त्याने त्यांना आत नेऊन अंकलच्या पायाशी बसवलं, कानांवर मोठे मफ लावून. दार बंद व्हायच्या आधी आंटींनी मला खुणेने बाहेर पिटाळलं. "त्याला एकटं ठेवू नको," मे म्हणाली. ती स्वतः खिडकीशी थांबली.

मी खालच्या दुकानातून गोळ्यांचं पाकीट घेतलं आणि वेटिंग रूममध्ये येऊन बसले. शेजारची खुर्ची रिकामी ठेवली. तिच्यावर पाकीट फोडून ठेवलं. आजूबाजूला एमआरआयसाठी थांबलेले लोक, फोनमध्ये डोकी घातलेले. मला वाटत होतं आता कुणी ओळखीचं येईल. आणि त्याहून मोठी भीती ही की मी इथे नीट बसले नाही, उठले, लक्ष दुसरीकडे गेलं, तर तो आत जाईल. कुणाला हसू येईल. पण भिंतीपलीकडून ढोल ऐकू येत होता, तो थांबून दुसऱ्या लयीत सुरू होत होता, आणि प्रत्येक वेळी मी त्या खुर्चीकडे बघत होते.

एक जाडजूड गृहस्थ आले. सगळ्या खुर्च्या भरलेल्या. त्यांनी माझ्या शेजारच्या खुर्चीकडे बोट केलं.

"सॉरी," मी म्हटलं. "इथे कुणीतरी बसलंय."

त्यांनी खुर्चीकडे पाहिलं, गोळ्यांकडे पाहिलं. सातव्या महिन्यात इथे मैदानावर गाण्याचे कार्यक्रम होतात, त्यात पहिली रांग भुतांसाठी मोकळी सोडतात. तिथे कुणी चुकूनही बसत नाही. त्या गृहस्थांना ते आठवलं असावं. ते हळूच मागे सरकले आणि पुढचा सगळा वेळ भिंतीला टेकून उभे राहिले.

गाठ निघाली. डॉक्टर म्हणाले, कॅन्सरची नाही, पण मोठी आहे, थांबायला नको. काढली तर डाव्या कानाचं ऐकणं जाईल. अंकलनी ऑपरेशनच्या कागदावर सही केली. ढोलाबद्दल त्यांनी विचारलं नाही, मीही विषय काढला नाही.

ऑपरेशन पार पडलं. डावा चेहरा काही महिने ओघळलेला होता, मग सावरला. फिजिओथेरपीने तोल आला. डाव्या कानातला ढोल थांबला. सगळ्यांचा थांबत नाही. त्यांचा थांबला. आणि देव येईनासा झाला.

हे मला मेकडून कळायचं. बैठकीला लोक यायचे, ढोल वाजायचा, अंकल स्टुलावर बसायचे आणि तसेच बसून राहायचे. हळूहळू लोक कमी झाले. आंटी क्लिनिकवर यायच्या थांबल्या. मी त्या माणसाचा जीव वाचवला असं सगळे म्हणत, नवरासुद्धा. मी ते मान्य करायचे. तरी खाली हॉकर सेंटरमध्ये ठेंगणी म्हातारी दिसली की माझा जीव खाली-वर व्हायचा, की त्या असतील आणि काही विचारतील.

उजव्या कानाला यंत्र बसवायला अंकल एकटेच आले होते. मी मन घट्ट करून मेला विचारायला लावलं, घरी कसं चाललंय.

"शांत आहे," ते म्हणाले. आणि यंत्राची डबी खिशात टाकून निघाले. मी त्याच्यावरून बरेच दिवस चांगला अर्थ आणि वाईट अर्थ काढत बसले.

पुढच्या वर्षी राजपुत्राच्या वाढदिवसाला आंटींचा फोन आला. या, एवढंच म्हणाल्या. मे आणि मी गेलो. तंबू तोच, धूप तोच. ढोल सुरू झाला तेव्हा मी अंकलना शोधत होते, पण स्टुलावर ते नव्हतेच. भक्तांच्या रांगेतली एक बाई डुलत होती. नूडल्सचा गाळा चालवणारी, पन्नाशीची, रुंद हाडाची. वर्षानुवर्षं प्रश्न विचारायला येणारी. तिच्या तोंडात चोखणी दिली गेली आणि ती लहान पावलं टाकत टेबलाकडे आली.

टेबलाशेजारी सेंग अंकल उभे होते. आंटी जिथे उभ्या असायच्या तिथे. आंटी मागे खुर्ची टाकून बसल्या होत्या, पाय दुखतात म्हणाल्या. देव बोलला की अंकल उजवा कान पुढे करून ऐकायचे आणि भक्ताला समजावून सांगायचे. एकदा त्यांनी देवाला पुन्हा सांगायला लावलं. देवाने पुन्हा सांगितलं.

गर्दी ओसरल्यावर ते माझ्याकडे आले. कानामागचं यंत्र बोटाने नीट बसवलं, धुपाने घाम आला होता. मी आवाज कमी-जास्त करू का विचारलं. ते नको म्हणाले. मग मेकडे वळून बराच वेळ बोलले. मे ऐकत राहिली. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा तिने लगेच भाषांतर केलं नाही.

"काय म्हणतायत?"

"म्हणतायत, तीस वर्षं तो माझ्या तोंडून बोलला. इथल्या सगळ्यांनी त्याला ऐकलं. माझ्या बहिणीने ऐकलं, तू ऐकलंस. मी कधीच ऐकला नव्हता."

मी अंकलना विचारलं, कसा आहे आवाज.

त्यांनी जरा विचार केला आणि हे मात्र त्यांनी मला थेट इंग्रजीत सांगितलं, टॅक्सीवाल्याच्या इंग्रजीत. त्याचा अर्थ असा, की फार लहान आहे. मला वाटलं होतं, थोडा तरी मोठा असेल.

मग टेबलाकडून कुणीतरी हाक मारली. ती डावीकडून आली होती, म्हणून त्यांना कळली नाही. मी त्यांच्या दंडाला हात लावून तिकडे वळवलं आणि ते लगबगीने गेले.